गणपती ते दिवाळी: पहिल्या सत्राचे उरलेले आठवडे

गौरी-गणपतीची सुट्टी संपली की प्राथमिक शाळेत ओढाताणीचा काळ सुरू होतो. पाठ्यक्रम शिल्लक असतो, संकलित चाचणी तोंडावर असते, परिपाठात रोज कुठला ना कुठला दिन असतो. आणि शाळेचं अंगण वर्षभरात कधी नसतं इतकं शिकवण्याजोगं याच दिवसांत असतं. गवत पोटरीपर्यंत वाढलेलं, बिया पिकायला आलेल्या, ऊन स्वच्छ पडायला लागलेलं. हे लेखन मुख्यतः तिसरी-चौथीसाठी आहे, त्यातही दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात अशा शाळांसाठी.

आधी कॅलेंडर पाहा. २०२५मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली होती. २०२६मध्ये अधिक महिन्यामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आहे. गेल्या वर्षीचं टाचण (पाठाचं लेखी नियोजन) तसंच उतरवून काढलं तर सगळं चुकतं, कारण सण तिथीने हलतात आणि गवत, ऊन, पाऊस मात्र सूर्याच्या हिशोबाने चालतात. सावलीचा उपक्रम २३ सप्टेंबरच्या आसपासच होणार, मग नवरात्र कधीही येवो.

बियांपासून सुरुवात सोपी पडते. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटातल्या एकाच्या पायात घोट्याच्या वर येईल असा जुना सुती किंवा लोकरी मोजा. मोजे नसतील तर गोणपाटाची पट्टी पोटरीला बांधा, उलट तीवर बिया जास्त चिकटतात. दहा मिनिटं गवतातून चालायचं, परत येऊन मोजा वर्तमानपत्रावर काढायचा आणि चिकटलेलं सगळं वेचायचं. आघाडा हमखास मिळतो, गोखरू बऱ्याच ठिकाणी. कुठल्या गटाला किती मिळाल्या याचा चित्रालेख त्याच दिवशी काढा, पाच बियांना एक चित्र. तेवीस बिया निघाल्या की साडेचार चित्रं काढायची का, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. चित्रालेखातली खरी अडचण तीच असते. पुस्तकातल्या उदाहरणांत आकडे नेमके पाचाच्या पटीत असल्याने ती तिथे समोर येतच नाही.

बाहेर पडण्याआधीच्या काही गोष्टी टाळण्यासारख्या नाहीत. मुलांच्या आधी शिक्षकाने काठीने गवत झोडपून यावं, दगडांच्या ढिगाजवळ जाऊ नये, आणि दव सुकल्यावर, म्हणजे अकराच्या पुढे निघावं. गाजर गवताने काही मुलांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून ते आधी दाखवून ठेवावं. एरंड, धोत्रा आणि गुंज यांच्या बिया वर्गात आणायच्याच नाहीत. तिन्ही विषारी आहेत, आणि दिसायला इतक्या देखण्या की मुलं नेमक्या त्याच खिशात घालतात.

वर्गीकरण करताना फळ्यावर ‘चिकटणाऱ्या, उडणाऱ्या, फुटणाऱ्या’ असे रकाने आधीच आखू नका. रकाने दिले की मुलं फक्त बिया उचलून ठेवतात, विचार करावा लागत नाही. पहिल्या खेपेला ‘तुम्हाला वाटेल तसे गट करा’ एवढंच सांगा. रंग, आकार, काटे, वास असं काहीही येईल. मग विचारा की यातली कुठली बी आईझाडापासून लांब जाऊ शकेल आणि कशी. तेरड्याची फुगलेली शेंग हातात देऊन हलकेच दाबायला सांगितली की एका रकान्याचं नाव मुलंच ठेवतात. म्हाताऱ्या, म्हणजे कापसासारख्या तंतूंवर उडणाऱ्या बिया, या दिवसांत फारशा मिळत नाहीत, रुईची बोंडं पुढे फुटतात. तो रकाना रिकामा ठेवून नंतर भरला तरी चालतं.

सीताफळाचा हंगाम असल्याने मोजणीला बिया आयत्या मिळतात. फळ फोडण्याआधी अंदाज लिहून घ्यायचा, मग दहा-दहाचे ढीग करून मोजायचं, अंदाज आणि मोजणी यांतला फरक वजाबाकीने काढायचा. या बिया चावू द्यायच्या नाहीत, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू द्यायचा नाही. बीच्या आतल्या गराने डोळ्यांना इजा होते.

बियांचा तक्ता करताना एक चूक दरवर्षी अनेक वर्गांत दिसते. ओल्या बिया डिंकाने चिकटवून वर प्लॅस्टिक लावलं जातं आणि आठवड्यात बुरशी येते. तीन-चार दिवस सावलीत कागदावर सुकवा, काडेपेटीच्या खोक्यांत ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा. तक्ता काढायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे कुसळ. डोंगरउतारावरच्या कुसळी गवताचं पिकलेलं कुसळ पाहिलं तर खाली टोकदार बी, वर दोरीसारखा पीळ पडलेला भाग आणि त्याच्या पुढे कोपरात वाकलेली लांब शेपटी दिसते. मळलेल्या मातीचा लिंबाएवढा गोळा घ्या, बीचं टोक त्यात उभं रोवा आणि पिळावर पाण्याचा एकच थेंब सोडा. शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी फिरायला लागते. ओल्याने पीळ सुटतो, सुकताना पुन्हा पडतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्यावर असंच फिरत फिरत बी जमिनीत शिरते. हिरवं कुसळ काहीच करत नाही, ते तपकिरी आणि कोरडंच हवं, म्हणजे पाऊस थांबल्यानंतरचं. पाणी जास्त झालं तर माती पातळ होऊन सगळंच आडवं होतं. सुकून उलटं फिरायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या तासिकेत थेंब सोडा आणि मधल्या सुट्टीनंतर पुन्हा पाहा. शेपटीची सुरुवातीची दिशा मातीवर काडीने आखून ठेवली नाही तर फिरली की नाही यावरून भांडणं होतात. टोक कातडीत रुतणारं असल्याने गोळ्यात रोवण्याचं काम शिक्षकाने करावं.

आता सावली. ‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य मुलांच्या तोंडी इतकं बसलेलं असतं की ते सांगून पुसता येत नाही, मोजूनच पुसावं लागतं. ५० सेंटिमीटर उंचीची सरळ काठी सपाट जागी उभी करा. उंची जमिनीपासून वरच मोजायची, रोवलेला भाग धरायचा नाही. ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासा. दोऱ्याला दगड बांधला तरी ओळंबा होतो. काठी जराशी कलली तर पुढची सगळी मापं बिघडतात, आणि बहुतेक वेळा उपक्रम फसतो तो इथेच. मग बुंध्याशी दोरी धरून २५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. ‘शंकू’ या नावाने जुन्या ज्योतिषग्रंथांत वर्णिलेली रीत हीच.

अकरापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि लांबी वहीत लिहायची. पुण्याला २३ सप्टेंबरच्या सुमारास सावली सव्वाअकराच्या आतच वर्तुळाला शिवून आत येते आणि पावणेदोनच्या सुमारास बाहेर पडते. हे दोन स्पर्शबिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, तिच्यावर काटकोन काढला की खरी उत्तर दिशा. मोबाइलमधल्या होकायंत्रापेक्षा हिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. सगळ्यांत आखूड सावली पुण्यात साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी पडते, नागपुरात १२ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास. घड्याळ सगळ्या देशाचं एक आणि सूर्य नागपूरला आधी पोचतो, एवढं चौथीला पुरतं.

या दिवसांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. २३ सप्टेंबरच्या आगेमागे दोन-तीन दिवस सगळे खडे जवळजवळ एका सरळ रेषेत येतात, एरवी ती रेषा वक्र असते. काठीच्या बुंध्यापासून या रेषेचं अंतर कोल्हापूरला साधारण १५ सेंटिमीटर, पुण्याला पावणेसतरा, नागपूरला १९च्या थोडं वर. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या शाळेशी व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे बदलून पाहा. दोन्हीकडे काठी ५०चीच हवी, हे आधी ठरवा. तीस सेंटिमीटरची काठी घेतलेली शाळा आणि पन्नासची शाळा यांची तुलना होत नाही, हे कळायलाच कधी कधी अर्धा दिवस जातो.

ढग आले तर? येतातच. एखादा खडा हुकला तरी चालतो, पण वर्तुळावरचे दोन्ही स्पर्श हवेत. सकाळचा हुकला तर सरळ दुसरा दिवस घ्या. वर्तुळाची रीत कोणत्याही महिन्यात चालते, फक्त थंडीत सावली लांब असल्याने वर्तुळ मोठं घ्यावं लागतं; घाई फक्त सरळ रेषेची आहे. टोक धूसर दिसतं अशी मुलांची तक्रार खरी असते. सूर्य ठिपका नसून तबकडी असल्याने सावलीच्या कडेला फिकट पट्टा असतोच. गडद भागाचं टोक धरायचं की फिकट भागाचं, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

पाऊस मोजायची बाटली जूनपासून लावलेली असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर ती आवरून महिनावार स्तंभालेख काढून टाका. लावलेली नसेल तर आता नको.

सूर्य २६-२७ सप्टेंबरला हस्त नक्षत्रात जातो तेव्हा हादगा, आणि घटस्थापनेपासून भोंडला. दोन्ही शाळेत बहुतेक ठिकाणी नाच-गाण्याच्या अर्ध्या तासात उरकले जातात, मुलगे भिंतीला टेकून बघत बसतात. माझ्या दृष्टीने यातला शिकवण्याजोगा भाग खिरापतीचा. झाकलेला डबा ओळखायचा खेळ म्हणजे प्रश्न विचारण्याचं उत्तम प्रशिक्षण, आणि त्यात मुलगे-मुली हा भेद आपोआप गळतो.

नियम कडक ठेवावे लागतात. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. एकूण प्रश्न बारा. पहिल्या पाच प्रश्नांत पदार्थाचं नाव घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम नसेल तर ‘लाडू का? बर्फी का? चिवडा का?’ असा मारा होतो आणि बारा प्रश्न दीड मिनिटात संपतात. ‘गोड की तिखट?’ हा प्रश्न बाद, कारण त्याला हो-नाही म्हणता येत नाही. तो बदलून ‘गोड आहे का?’ असा करायला वर्गालाच सांगा. डबा हलवून वाजवून दाखवायला मात्र परवानगी असावी. फळ्यावर तीन रकाने: काय विचारलं, उत्तर काय आलं, काय बाद झालं. तिसरा रकाना भरायला मुलं सुरुवातीला अडखळतात. ‘तळलेलं नाही’ म्हटल्यावर चकली, करंजी, शंकरपाळे सगळे एकदम गेले, हे उमगलं की प्रश्न बदलतात. ‘लाडू का’च्या जागी ‘भाजलेलं आहे का’, ‘त्यात गूळ आहे का’ येतात.

मराठीची तासिका इथेच होऊन जाते. तळणे-तळलेलं, भाजणे-भाजलेलं, उकडणे-उकडलेलं, कुटणे-कुटलेलं, आंबवणे-आंबवलेलं. पाच क्रियापदं, प्रत्येकाखाली घरात होणारे तीन पदार्थ, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची कृती क्रमाने पाच वाक्यांत. खिरापतीसाठी पालकांना खर्चात पाडू नका. दाणे-गूळ, भिजवलेले हरभरे, काकडीच्या फोडी असं काहीही चालतं. अवघड ओळखण्यासाठी महाग असावं लागत नाही, उकडलेलं रताळं भल्याभल्यांना चकवतं. शेंगदाणे किंवा आणखी काही कुणाला सोसत नाही का, तेवढं आधी विचारून ठेवा.

किल्ला शाळेत करायचा तर सुट्टी लागण्यापूर्वी आठ दिवस हातात हवेत. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातला एक तमिळनाडूतला जिंजी, बाकी अकरा महाराष्ट्रातले. कुठला करायचा हे मुलांना ठरवू द्या, पण राजगड निवडला तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला वरून पाहिल्यावर ओळखता आले पाहिजेत. नाहीतर मातीचा कुठलाही ढीग राजगड होतो. आधी कागदावर वरून दिसणारी आकृती, मग पुठ्ठ्याचे थर एकावर एक लहान होत जाणारे, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चाळलेली लाल माती.

हिरवळीसाठी हळीव वापरतात त्याला कारण आहे. ओल्या मातीवर पडताच हळिवाभोवती बुळबुळीत थर येतो आणि ते उतारावरून घरंगळत नाही. मोहरी घरंगळते. पण हळीव आधी भिजवून पेरायला गेलात तर गोळा होतो आणि पसरता येत नाही. माती ओली, हळीव कोरडं. एक चौरस फुटाला एक चहाचा चमचा पुरे. पाणी तांब्याने ओतलं की उतारावरची माती ओघळते. ती तशी एकदा मुद्दाम ओघळू द्या, धूप कशी होते ते दिसेल. नंतर मात्र हाताने शिंपडा. एक-दोन दिवसांत कोंब फुटतात, आठवड्यात बोटाच्या पेराहून उंच होतात. पाच रोपांशेजारी काड्या रोवून रोज त्यांचीच उंची मिलिमीटरमध्ये लिहायची. किल्ल्याचा एखादा कोपरा अंधाऱ्या बाजूला असेल तर तिथली रोपं सर्वांत उंच भरतील, पिवळी आणि लुळी. उंच म्हणजे निरोगी, असं धरून चाललेल्या वर्गाला तो आकडा बुचकळ्यात टाकतो.

राहता राहिल्या वर्णनात्मक नोंदी. सत्राच्या शेवटी ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य तीस मुलांपुढे तीस वेळा लिहिण्यापेक्षा वह्या उघडा. ‘पट्टी शून्यापासून न लावता कडेपासून लावतो, त्यामुळे प्रत्येक माप चुकतं’, ‘हो-नाही उत्तराचा प्रश्न बनवता येतो’, ‘दहाचे ढीग करते, पण उरलेल्या सुट्या बिया मिळवायला विसरते’ अशा नोंदी वहीतूनच निघतात. प्रत्येकीला पुढचं काम लागूनच असतं. पट्टी कडेपासून लावणाऱ्या मुलाला नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा सावली मोजायला द्या. तेव्हा पुण्यात त्याच काठीची दुपारची सावली ४० सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते, ३० सेंटिमीटरची पट्टी पुरत नाही, ती दोनदा लावावी लागते. कडेची चूक दुप्पट होऊन शेजारच्याच्या आकड्याशी जुळत नाही, आणि कुठे चुकलं ते शोधायला तो स्वतःच पट्टी निरखायला लागतो.