डिसेंबरात सागरी मार्गाने रत्नागिरी, आणि गाडीला गंज चढू नये म्हणून काय करायचं

अलिबागहून निघून रेवदंडा, काशीद, मुरुड करत आगरदांड्याला फेरीबोट धरली, पलीकडे दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी बोट, पुढे केळशी-आंजर्ले-हर्णै, दाभोळहून धोपाव्याला तिसरी, गुहागर-हेदवी करून तवसाळहून जयगडला चौथी, आणि मग गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे पण बुलेटवर मस्त जातो, त्याबद्दल फार लिहीत नाही, मला बोलायचंय गाडीबद्दल.

हिवाळ्यात पाऊस नाही, गाडी कोरडी, मग गंज कसला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण दिवसभर किनाऱ्याने चालवली की खाऱ्या वाऱ्यातलं मीठ सगळीकडे बसतं आणि रात्री दव पडलं की तेच मीठ ओल धरून ठेवतं. हर्णैला सकाळी अंगणात जाऊन बघितलं तर सीटवरून दव ओघळत होतं, पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरच्या) चकचकीत नळीवर बोट फिरवलं तर चिकट थर, जिभेला लावला तर खारट. या नळीला गंजाचे बारीक खड्डे पडले ना, की ऑइल सील (आतलं तेल अडवणारं रबर) फाटतं आणि तेल गळायला लागतं, म्हणून ओलं फडकं आधी तिथे. डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसला तर घाबरू नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो.

खरं काम संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर असतं, घरी गेल्यावर धुऊ म्हणून ठेवू नका. इंजिन आणि सायलेन्सर गार होऊ द्या, मग बादलीभर गोडं पाणी घ्या (किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी कधीकधी मचूळ असतं, घरमालकांना विचारून घ्या) आणि टाकी चमकवत बसण्यापेक्षा खालच्या बाजूला ओता: स्पोक, मडगार्डची आतली बाजू, साइड स्टँडचा जोड, सायलेन्सरचे नट. शाम्पू गाडीचाच वापरा. नंतर कोरड्या फडक्याने पुसा, चेन कोरडी झाली की लूब (चेनचं वंगण) मारा, फक्त लूब किंवा कुठलाही स्प्रे डिस्कवर आणि टायरवर उडू देऊ नका. गाडी ओली असताना कव्हर घालू नका, आतल्या आत ओल कोंडते.

बोटीत चढता-उतरताना भरतीच्या वेळी जेटीच्या उतारावर लाट येते, पुढच्या गाडीने पाणी उडवलं की थेट आपल्या इंजिनवर, तेव्हा थोडं अंतर ठेवा, लाट मागे गेली की हळू काढा. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायचा मोह तर अजिबात नको, बऱ्याच ठिकाणी मनाई आहेच, शिवाय ओली खारी वाळू चेनमध्ये आणि ब्रेकमध्ये जाऊन बसते.

निघण्याआधी घरीच बॅटरीच्या टर्मिनलना व्हॅसलीन, क्रोमला आणि रंगाला वॅक्स, आणि रंग उडालेला असेल तिथे टचअप करून घ्या, गंज पहिला तिथूनच सुरू होतो. परत आल्यावर सगळी गाडी एकदा नीट धुवा, पण वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची धार चाकांच्या बेअरिंगवर धरू नको म्हणून सांगा. चेन रॉकेलने साफ करा, पेट्रोलने नको, चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर टाकी फुल करून ठेवा, रिकाम्या टाकीत आतून पाणी धरतं. आणि महिन्याभराने फुटरेस्टखालचे बोल्ट टॉर्च लावून परत एकदा बघा, मीठ राहिलं असेल तर तिथे दिसतं.