शेकरूच्या घरट्यांची नोंद : तिसरा उन्हाळा

भीमाशंकरच्या जंगलातली माझी ठरलेली पायवाट या आठवड्यात पुन्हा चाललो. गेल्या उन्हाळ्यात १४ घरटी दिसली होती, या खेपेला १८. पहिल्या वर्षी असा आकडा हाती आला असता तर शेकरं वाढली म्हणून आनंदाने लिहून मोकळा झालो असतो. पण एकच शेकरू आपल्या हद्दीत बरीच घरटी बांधतं, आणि सोडून दिलेली घरटीही कित्येक दिवस बेचक्यात तशीच अडकून राहतात. त्यामुळे १८ पैकी वापरातली किती, तेवढंच धरायचं. माझ्या अंदाजाने सहा.

ही ओळख मला वाटाड्या म्हणून सोबत येणाऱ्या बाबांनी शिकवली. "पान बघ पोरा. हिरवं पान खोवलेलं दिसलं की घर जितं." तेव्हापासून प्रत्येक घरट्यापुढे पानांचा रंग लिहितो : हिरवा, पिवळट, करडा.

परवा सकाळी हे काम डोळ्यांसमोर बघायला मिळालं. जांभळाच्या शेंड्याजवळ शेकरू मागच्या पायांवर उलटं लोंबकळत होतं. पानांसकट डहाळी दातांनी कुरतडून तोडली, तोंडात आडवी धरली आणि फांदीवरून पळत घरट्याशी आलं. डहाळी आत खुपसली, पुढच्या पंजांनी दाबली, मग स्वतः आत शिरून गोल फिरलं. सगळं घरटं हललं. दुर्बिणीतून तांबूस पाठ आणि फिकट पिवळसर शेपटीचं टोक तेवढं दिसत होतं. अर्ध्या तासात अशा नऊ फेऱ्या झाल्या. एकदाही ते जमिनीवर उतरलं नाही.

या वर्षी वहीत नवा रकाना घातलाय तो याचसाठी. घरट्याच्या झाडाचा शेंडा शेजारच्या किती झाडांना भिडतो, ते मोजतोय. शेकरू सहा मीटरपर्यंत उडी मारतं, तरी त्याची रोजची ये-जा फांदीवरून फांदीवरच चालते. वापरातल्या सहापैकी पाच घरट्यांची झाडं तीन किंवा जास्त झाडांना भिडलेली निघाली. गाडीरस्त्याच्या कडेची दोन घरटी मात्र करडी पडलीत. तिथे एका अंगाला मोकळं आकाश आहे. दोन घरट्यांवरून निष्कर्ष काढणार नाही, पण पुढच्या खेपेला आधी तिकडेच जाणार.

संवर्धनाचं बोलताना आपण क्षेत्रफळावर फार भर देतो असं मला वाटू लागलंय. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं. शेकरू राज्यप्राणी आहे आणि कोणत्या जिवाला किती धोका आहे ते सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत 'सर्वात कमी चिंता' या गटात आहे. पण हा प्राणी भारताबाहेर कुठेच नाही, आणि जंगलाचे तुकडे पडले की एका तुकड्यातली शेकरं दुसऱ्यात जाऊ शकत नाहीत. नकाशावर हिरवं दिसणारं रान वरून तुटलेलं असू शकतं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडलेली झाडं जिवंत असतात, पण त्यांचे शेंडे आखडलेले असतात. याउलट गावांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या देवरायांत जुनी, उंच झाडं एकमेकांत गुंतलेली सापडतात. तिथे मान वर केली की घरटं दिसतंच.

खाण्याच्या नोंदी यंदा थोड्याच आहेत. आंब्याखाली अर्धवट कुरतडलेल्या कैऱ्या, उंबराखाली फळांचे तुकडे.

तुमच्यापैकी कोणी महाबळेश्वर किंवा आंबोलीकडे घरटी नोंदवत असाल, तर शेंडे भिडण्याचा रकाना जरूर घाला. झाडाच्या बुंध्याशी उभं राहून चारही दिशांना वर बघायचं आणि फांद्यांमध्ये आकाशाची सलग फट नसेल तिथे बरोबरची खूण करायची. वाऱ्यात फांद्या हलतात, म्हणून मी सकाळी लवकर करतो.

घरटं क्रमांक ११ च्या शेजारची अंजनी गेल्या पावसात पडली. शेकरू अजून तिथेच आहे, पान हिरवं आहे, पण भिडणारी झाडं आता दोनच उरलीत. दिवाळीनंतर पुन्हा बघून येतो.