अर्धा सूर खाली

त्या रविवारी मी एक पियानो जाणूनबुजून अर्धा सूर खाली लावला आणि वादक आणि तो जॅझचा कार्यक्रम करणाऱ्या हौशी मंडळाच्या खजिनदार ताई सोडून हॉलमधल्या कुणालाही त्याचा पत्ता लागू दिला नाही. काम म्हणून पाहिलं तर ते चोख झालं, कार्यक्रम रंगला, पैसे हातात पडले. तरीही गेले काही आठवडे तीच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून लिहून काढतो.

मी मुंबईत पियानो ट्यून करतो. लोकांना वाटतं या धंद्यात कान लागतो. कान लागतोच, पण आधी मनगट आणि पाठ लागते. एका पियानोत सव्वादोनशेच्या वर तारा असतात, प्रत्येक तार एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेली, आणि खुंटी लाकडात नुसती घट्ट ठोकलेली. ती केसभर फिरवायची आणि मग फिरवलेल्या जागी बसवायची. फिरवणं कुणालाही जमतं, बसवणं शिकायला वर्षं जातात. न बसवलेली खुंटी पहिल्या दणदणीत कॉर्डला, म्हणजे काही सूर एकदम दाबले की, जागा सोडते. त्यात जॅझवाले वाजवतात ते हात राखून नव्हे.

शिवाय मुंबईची हवा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सूर चढतो, थंडीत उतरतो. हॉटेलवाले सकाळी एसी बंद ठेवून मला बोलावतात आणि संध्याकाळी पियानोच्या डोक्यावर एसी आणि स्पॉटलाइट दोन्ही सोडतात. मग मॅनेजरचा फोन, ‘सर, सकाळीच लावला होता ना?’ आणि बिल तीन महिने अडकलेलं. जुनी माणसं दमटपणा मारायला पियानोच्या पोटात चाळीस वॉटचा बल्ब लावून ठेवायची. एका घरी मध्यंतरी पट्ट्या का चिकटतात म्हणून उघडून पाहिलं तर आत एलईडी. वीज वाचते म्हणे! अहो, त्या बल्बचा उजेड कुणाला हवा होता?

तर हा पियानो दादरच्या एका काकांचा. बँकेतून निवृत्त, पंचाहत्तरीच्या पुढचे. १९७८ साली रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा हे तरुण कारकून, मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलेले. सॉनी रोलिन्सचा टेनर सॅक्सोफोन ऐकला आणि कामातून गेले, असं स्वतःच सांगतात. रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात अडकलं. शाळा-कॉलेजं, इस्पितळं, न्यायालयं यांच्यापासून १०० मीटरच्या आत भोंगा नाही असा तेव्हाचा नियम, आणि उघड्यावर रात्री १० नंतर तर सवलतीचे मोजके दिवस सोडले तर कुठेच नाही. नियम बरोबरच आहे, पण उघड्या आभाळाखाली जॅझ ऐकायची शहरातली हक्काची जागा त्यात गेली. नंतर लोअर परळच्या मिलच्या आवारात मोठा क्लब निघाला, २०१६ मध्ये तोही बंद पडला. नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र आहे, पण ते थिएटर. दर महिन्याला चार स्थानिक वादकांना बसायला, चुकायला जागा हवी, ती त्यात येत नाही.

म्हणून काका आणि त्यांच्यासारखे काही जण मिळून एक मंडळ चालवतात. खारमधल्या एका जुन्या बंगल्याचा तळमजला, साठेक खुर्च्या, महिन्यातून एक रविवार. वर्गणी काढतात, खुर्च्या स्वतः लावतात, पंखे आणतात, वादकांना कार्यक्रमाआधी पाकीट देतात. आधी देणारे आयोजक मी फार पाहिलेले नाहीत. यांचा जाचही तेवढाच. कोणती रेकॉर्ड कोणत्या साली निघाली यावर मध्यंतरात हमरीतुमरी होते, कुणी जरा नवं वाजवलं की पुढची रांग हाताची घडी घालून बसते, आणि तरुण पोरं आली तर बोलू नका म्हणून त्यांनाच गप्प करतात. मग तरुण येत नाहीत म्हणून हळहळतात.

काकांच्या सौभाग्यवती गोव्याच्या. त्यांचे वडील हॉटेलच्या बँडमध्ये पियानो वाजवायचे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा बँड ताजमध्ये आला, त्यानंतर अमेरिकी वादकांकडून पाहून-ऐकून आपल्या गोवेकर वादकांची जी फळी तयार झाली, त्यातले ते. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं, हा त्या सगळ्यांचाच क्रम. पियानो त्यांच्याकडून लेकीकडे आला. काकी गेल्यावर दादरच्या फ्लॅटमध्ये झाकून पडला होता. मंडळात तोवर कीबोर्डवर भागत होतं. काकांनी जाहीर केलं, खरा पियानो मी देतो.

ही बातमी मला कळली ती शुक्रवारी, पियानो दोन मजले उतरून, टेम्पोतून भिजत खारला पोचल्यावर. सप्टेंबर अखेर, पाऊस चालूच. हलवलेला पियानो नव्या जागेच्या हवेत निदान दोन आठवडे मुरू द्यायचा असतो. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी.

रविवारी सकाळी झाकण काढलं. जुना इंग्लिश अपराइट, म्हणजे उभ्या बांध्याचा, आतून देखणा, खालच्या तारांचं तांबं हिरवं पडलेलं. मधला ए, आपली पांढरी सहा, तपासला. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर हा पंचाऐंशी भाग खाली. वरचे सूर त्याहून खाली. अनेक वर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

इथे थोडं गणित सांगतो. तार अर्धा सूर चढवायची तर ताण जवळपास आठव्या हिश्शाने वाढतो. एकेका तारेवर ते फार वाटत नाही, पण सगळ्या तारांचा मिळून ताण सोळा-अठरा टनांच्या घरात असतो. म्हणजे त्या म्हाताऱ्या सांगाड्यावर एका सकाळीत दोनेक टन जास्तीचे चढवायचे. आधी तार किंचित सैल करतात, त्याने गंजाची पकड सुटते. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, तो आला की जीव भांड्यात पडतो. मी कडेच्या दोन तारा करून पाहिल्या. पहिलीचा टक् आला, अर्ध्या वाटेपर्यंत चढलीही, आणि खुंटीच्या वळणाशी तुटून माझ्या बाहीवर आपटली. दुसरी तुटली नाही; तिची खुंटीच घसरली. ट्यूनिंगची चावी काढली की सूर आपला हळूहळू खाली. लाकूडच दमलेलं. मधल्या ए ची सेकंदाला ४४० कंपनं हा सगळ्यांचा ठरलेला सूर; हा पियानो ४४० ला जाणार नाही, हे तिथेच नक्की झालं.

वादक येईपर्यंत मी खजिनदार ताईंना सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका, मंडळातलं एकमेव व्यवहारी डोकं. त्यांनी एवढंच विचारलं, “ह्यांना कोण सांगणार?” काका बाहेर खुर्च्यांवर नंबर चिकटवत होते.

पियानो आहे तिथे ठेवून भागणार नव्हतं. डबल बास खाली उतरतो, सॅक्सोफोन उतरत नाही. त्याचा माउथपीस थोडा बाहेर ओढून पंधरा-वीस भाग खाली येता येतं, पुढे वाद्याचे आतले सूरच एकमेकांशी फटकून वागायला लागतात. मधल्या ठिकाणी अडकलेला पियानो कुणाच्याच कामाचा नाही. पण पूर्ण अर्धा सूर खाली असलेला पियानो कामाचा असतो, फक्त कुणीतरी मनातल्या मनात स्केल बदलून वाजवायला हवं. आपल्या पेटीला त्यासाठी स्केल चेंजर असतो. पियानोला नसतो.

पियानो वाजवणारी मुलगी वांद्र्याची, तिशीची. दुपारी आली, छत्री झटकत उभ्या उभ्याच दोन कॉर्ड दाबले आणि माझ्याकडे बघितलं.

“दादा, साफ सांगा.”

“वर जाणार नाही. अर्धा सूर खाली मात्र ठणठणीत उभा राहील.”

“म्हणजे बी फ्लॅटचा ब्लूज बी मध्ये वाजवायचा.” ब्लूज हा जॅझचा नेहमीचा साचा, आणि बी म्हणजे बी फ्लॅटच्या लगेच वरची पट्टी.

“एक तर तू, नाही तर सॅक्सोफोन.”

सॅक्सोफोनवाले बुजुर्ग तेवढ्यात चहा घेत बसले होते. त्यांनी स्केल बदललं असतं तर हिला नेहमीसारखं वाजवता आलं असतं आणि बासने चार तारा उतरवल्या असत्या. पण टेनर सॅक्सोफोनवाल्याच्या बोटांना तो ब्लूज एरवीच्या सोप्या सी ऐवजी बी मध्ये येतो, पाच शार्प, म्हणजे अवघड. त्यांनी कपात बघत ‘माझी बोटं आता या वयात...’ म्हटलं आणि विषय संपवला. चाळीस वर्षं स्टेजवर काढलेला माणूस. मी काही बोललो नाही, पण लक्षात ठेवलं.

“कीबोर्ड गाडीत आहे माझा,” ती म्हणाली. “बटण दाबलं की झालं. पण ते अंकल मला गेटवरच भेटले हो. पियानोची सगळी कुंडली ऐकवली.” मग थोडं थांबून, “नशीब मला परफेक्ट पिच नाही. वेड लागलं असतं.” परफेक्ट पिच म्हणजे ऐकताक्षणी सूर नावानिशी ओळखणारा कान; त्याला पट्टी एक आणि सूर दुसरा हे सोसत नाही.

दुपार सगळी त्यात गेली. मधल्या सप्तकात पाया धरायचा, मग अष्टकाने वर-खाली जायचं, हे नेहमीचंच. पण नेहमीचे अंदाज इथे चालत नाहीत. एफ आणि ए एकत्र वाजवले की सुरांमध्ये जी थरथर ऐकू येते ती एरवी सेकंदाला सातच्या आसपास मोजायची, अर्धा सूर खाली ती साडेसहाकडे येते. वर्षानुवर्षं कानात बसलेला वेग बाजूला ठेवून मोजावं लागलं. मधला भाग किंचित उतरवला, वरचा किंचित चढवला. तुटलेल्या तारेच्या जागी शेजारच्या दोन तारांनी निभावलं. शेवटी पांढरी सहा दाबली की काळी चारचा सूर, स्वच्छ, एकही तार थरथरत नाही. सांगायला हरकत नाही, त्या पियानोत इतका गोडवा शिल्लक असेल असं मला सकाळी वाटलं नव्हतं.

कार्यक्रम मी भिंतीशी उभा राहून ऐकला. पहिल्या तुकड्यात ती जपून होती, डावा हात नुसते ठोकळे टाकत होता. दुसऱ्यापासून सुटली. बी, ई, एफ शार्प ही स्केलं तशी हाताला सोयीची. शोपँ शिष्यांना बी मेजरपासूनच सुरुवात करून द्यायचा, कारण लांब बोटं आपोआप काळ्यांवर पडतात. पण जॅझवाल्यांचा सगळा जन्म फ्लॅटच्या स्केलांत जातो, ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांच्या सोयीने. बोटांना घरचा रस्ता माहीत आणि घरच शेजारी सरकवलेलं.

आणि ब्लूजमध्ये एक गोष्ट झाली. तिची एक लकब आहे. बी फ्लॅटच्या ब्लूजमध्ये ती काळ्या डी फ्लॅटवरून त्याच बोटाने पांढऱ्या डीवर घसरते, दोन सुरांच्या मधला तो रडवेला सूर तेवढ्यात निघून जातो. पियानोवर मींड नाही; ही घसर म्हणजे मींडेची चोरटी हौस. पण बी मध्ये तेच सूर उलटे पडतात, आधी पांढरी आणि मग काळी. काळीवरून बोट खाली घसरतं, पांढरीवरून वर चढत नाही. तिने दोन बोटांनी काम भागवलं, पण ते घसरणं नव्हतं, ठेच लागल्यासारखं येत होतं. मला ते कळलं, कारण त्यामागची भानगड माहीत होती. बाकी हॉल टाळ्या वाजवत होता.

सगळे पांगल्यावर काका माझ्याकडे आले, पाकीट हातात.

“झकास झालं. आवाज तर काय, आमच्या सासऱ्यांची आठवण आली. पण एक सांग, ती पोरगी ब्लूजमध्ये घसरते ना, ती जागा? आज एकदाही घेतली नाही. पट्ट्या अडकतात का आमच्या पियानोच्या?”

या माणसाला नोटेशनचं एक अक्षर येत नाही.

“पट्ट्या ठीक आहेत, काका.”

“मग जड असतील. हिचीही बोटं दुखायची शेवटी शेवटी. मी आपलं म्हणायचो, वयामुळे.”

मी पाकीट खिशात घातलं. दुसरं काही सुचलं नाही.

आता काकांचा दर चार दिवसांनी फोन येतो. आतली सगळी यंत्रणा, हातोड्या, फेल्ट, बदलून घ्यायची म्हणतात, त्यासाठी मुदत ठेव मोडायची तयारी आहे. मी सांगतो, यंत्रणेला काही झालेलं नाही. त्यांना वाटतं, मी त्यांचा खर्च वाचवतोय. खरं कारण सांगितलं तर ते म्हणतील, मग तारा आणि खुंट्यांचं लाकूड बदल. ते होऊ शकतं, पण त्या पैशांत दुसरा चांगला पियानो येईल, आणि दुसरा पियानो त्यांना नकोय. ताई म्हणतात, गप्प राहा. मुलगी म्हणते, तिने आता बी मध्ये रियाज सुरू केलाय, नवीन जागा सापडतायत, काकांना सांगू नका. सगळ्यांनाच काकांची काळजी. साठ माणसांत एकट्याने ती जागा हुकलेली ओळखली, त्याच माणसापासून लपवायचं, हे काही मला पटत नाही. आणि सांगायला फोन उचलतो तेव्हा बोलणं पावसावर जातं.

काल ताईंचा निरोप आला. पुढच्या महिन्यात पियानोवर दुसरा पाहुणा आहे, बंगळुरूचा. त्याला परफेक्ट पिच आहे आणि ‘खरा पियानो आहे’ असं काकांनी त्याला आधीच कळवून टाकलंय.