बी विकायचं नाही, द्यायचं

इस्तंबूलला गेलेली आपली मंडळी आया सोफिया, निळी मशीद, बॉस्फरसची फेरी एवढं उरकून कापादोक्याला पळतात. ते सगळं बघावंच. पण माझं माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे माझे पाय आधी वळले येदिकुलेकडे. शहराच्या जुन्या तटाला लागून तिथे अजून भाजीचे मळे आहेत. तुर्कीत त्यांना बोस्तान म्हणतात.

हा तट सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या काळातला, ४१३ साली उभा राहिलेला. त्याच्या आडोशाने आणि खंदकात शतकानुशतकं भाजी पिकत आली. माळी बदलत गेले: ग्रीक होते, आर्मेनियन होते, अल्बेनियन होते. आता बरेचसे काळ्या समुद्राकडच्या कास्तामोनूहून आलेल्या कुटुंबांतले आहेत. एका बाजूला भरधाव रस्ता, दुसऱ्या बाजूला सोळाशे वर्षांची भिंत आणि मध्ये मुळा, पुदिना, रॉकेट नावाची पालेभाजी, पार्सली यांचे वाफे. हे बघून मी कितीतरी वेळ नुसती उभी होते.

येदिकुलेची खरी ओळख म्हणजे तिथलं मारुल, लांब पानांचं लेट्यूस. एके काळी सगळं शहर ते कच्चं खायचं. आज त्याचं अस्सल बी मिळणं अवघड झालंय. मी ज्या मळ्यात शिरले तिथल्या म्हाताऱ्या माळीबाबांनी वाफ्यातल्या काही गड्ड्यांशेजारी काठ्या रोवल्या होत्या. सोबतची विद्यार्थिनी दुभाष्याचं काम करत होती. तिने विचारून सांगितलं की काठीचे गड्डे विकायचे नाहीत, ते बियाण्याचे. ऊन वाढलं की लेट्यूस दांडा फेकतं आणि पान कडू होतं. जे रोप सगळ्यात शेवटी दांडा फेकेल, त्याचंच बी धरायचं. घाईने फुलणाऱ्याचं धरलं तर पुढच्या पिढ्याही घाईच्याच निपजतात. म्हणजे बाजारात सगळ्यात जास्त भाव मिळेल असा गड्डा कापायचा नाही, उन्हाळाभर जागा अडवू द्यायची, फुलून वाळू द्यायचा. जागेचं भाडं भरणाऱ्या माणसाने हे करणं सोपं नाही.

२०१३ च्या जुलैमध्ये इथल्या काही मळ्यांवर बुलडोझर फिरला. उद्यान करायचं म्हणून वाफ्यांवर राडारोडा टाकला गेला. तेव्हा शेजारपाजारचे रहिवासी, इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी माळ्यांच्या बाजूने उभे राहिले. माझी दुभाषी त्यांतल्याच पुढच्या पिढीची. सुट्टीच्या दिवशी येते, खुरपणी करते, बी गोळा करायला हात लावते. पैसे कुणी देत नाही आणि ती मागतही नाही.

बॉस्फरसपलीकडच्या कुझगुनजुकमध्येही असा एक बोस्तान तिथल्या लोकांनी बांधकामापासून वाचवलाय. आता लहान लहान वाफे रहिवाशांना वाटून दिलेले आहेत. जाऊन आले, छान वाटलं. पण माझा जीव अडकला होता पश्चिम किनाऱ्यावरच्या इझमीर शहराकडे.

इझमीरच्या नैर्ऋत्येला सेफेरिहिसार नावाचं गाव आहे, संत्र्याच्या जातीतल्या मँडरिनच्या बागांसाठी नावाजलेलं. २००९ मध्ये ते तुर्कस्तानातलं पहिलं ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ जगण्याचं व्रत घेतलेलं गाव ठरलं. कवी जान युजेल यांच्या नावाचं एक बियाणं केंद्र तिथे आहे. देशी बियाण्यांच्या अदलाबदलीचे मेळेही तिथे भरत आले आहेत. आता असे मेळे तुर्कस्तानात अनेक ठिकाणी भरतात.

अदलाबदलच का, विक्री का नाही? याला कारण आहे २००६ चा बियाणे कायदा, क्रमांक ५५५३. त्यानुसार व्यापारात फक्त नोंदणी झालेल्या वाणांचं बियाणं आणता येतं. नोंदणीसाठी वाण एकसारखं लागतं, आणि आजीच्या परसातला टोमॅटो कधीच एकसारखा नसतो. एक फळ चपटं, दुसऱ्याला पन्हळी, तिसरं गुलाबी. पण शेतकऱ्यांनी आपसात, व्यापार न करता बी देण्याघेण्याला त्याच कायद्याने मोकळीक ठेवली. स्वयंसेवकांनी तो धागा घट्ट धरला. विकता येत नाही ना? मग वाटू!

मी गेले तो मेळा असाच एक, लहानसा. लांब टेबलांवर कागदी पाकिटं, जुन्या मुरंब्याच्या बरण्या, कापडी पुरचुंड्या. प्रत्येक पाकिटावर हाताने लिहिलेलं: वाण कोणतं, गाव कोणतं, कोणत्या साली धरलं. चवळी होती, बोस्तान जातीची गोल वांगी होती, आपल्या काकडीच्या नात्यातला अजूर होता. अमास्याची भेंडी तर बघत राहावी अशी, बोटाच्या पेराएवढी, दोऱ्यात ओवून वाळवलेली. तिथे ती अशीच माळ करून हिवाळ्यासाठी ठेवतात. घोळाचं बी चिमटीत घेतलं तेव्हा बाकी सगळं विसरायला झालं. मोहरीहून कितीतरी बारीक, काळंभोर, चमकणारं. आपल्याकडे जी घोळ डाळीत घालतात, ती तिथे दह्यात लसूण घालून कच्ची खातात.

टोमॅटोच्या टेबलाशी बसलेल्या आजींनी मला बी धरण्याची सगळी रीत हातवारे करून शिकवली. फळ झाडावरच पूर्ण पिकू द्यायचं. गर आणि बिया वाटीत काढून दोनतीन दिवस आंबवायच्या, वर बुरशीचा पापुद्रा धरेपर्यंत. त्याने बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. मग धुवायच्या, तळाशी बसतील त्या ठेवायच्या, तरंगतील त्या टाकायच्या. सावलीत वाळवायच्या. टोमॅटो सहसा स्वतःच्याच परागावर फळतो, म्हणून सोपा. मिरचीला मात्र जपावं लागतं. शेजारी तिखट मिरची असली की मधमाश्या पराग इकडचा तिकडे करतात आणि पुढच्या वर्षी गोड मिरची तिखट निघते. म्हणून फुलावर पातळ जाळीची पिशवी बांधतात. भोपळ्याची मादीफुलं आदल्या संध्याकाळी बांधून ठेवतात आणि सकाळी नरफूल हाताने फिरवतात.

या बियांना तिथे ‘अता तोहुमू’ म्हणतात, पूर्वजांचं बी. टोमॅटो, मिरची, भोपळा हे सगळे मुळात अमेरिकेतले, उस्मानी काळात तिथे पोचलेले. म्हणून कुणी नाक मुरडू नये. एखाद्या गावच्या मातीत, पाण्यात, थंडीत पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेलं बी त्या गावचंच असतं. मला यात काडीचीही शंका नाही.

इझमीरजवळच मेनेमेनच्या कृषी संशोधन संस्थेत राष्ट्रीय जनुकपेढी आहे, आणि ती हवीच. पण शीतगृहातलं बी त्याच अवस्थेत थांबलेलं असतं. परसात दरवर्षी पेरलेलं बी बदलत्या पावसाशी आणि नव्या रोगांशी झगडत पुढे जातं. दोन्ही कामं वेगळी. दुसरं काम या निवृत्त शिक्षिका, दुकानदार, विद्यार्थी फावल्या वेळात करतात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आजींनी विचारलं, तुमच्याकडे बी कोण राखतं? मी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव सांगितलं. त्यांनी राखलेले वाल-घेवड्याचे वाण, गावातली बियाणं बँक, २०२० ची पद्मश्री, सगळं सांगितलं. फोनवर फोटो दाखवला. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी विकायचाही हक्क दिलाय, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही, हे ऐकून आजूबाजूचे चारपाच जण जवळ सरकले. मग प्रश्नांची झड लागली. वाल किती उंच चढतो, कीड लागू नये म्हणून काय करता, राख वापरता का?

आजींनी गुलाबी टोमॅटोचं पाकीट पुढे केलं. परदेशातून बियाणं आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, म्हणून मी ते घेऊ शकत नव्हते. समजावल्यावर त्यांनी ते माझ्या दुभाषीच्या हातात ठेवलं आणि बजावलं, पुढच्या वर्षी येताना दोन पाकिटं आण.

कुणाला जायचं असेल तर वसंत ऋतू धरा. इझमीरच्या उच्कुयुलारहून सेफेरिहिसारला बस मिळते. पुढे सिगाजिकला किल्ल्याच्या आतल्या गल्ल्यांत दर रविवारी बाजार भरतो. तिथे घरच्या बायका स्वतः पिकवलेलं, केलेलं विकतात. सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते. भूक राखून जा आणि भाजी विकणाऱ्या बाईला बी कुठून आणलं ते जरूर विचारा.