तुम्ही विचारलंत म्हणून : फिल्टर आणखी कडक का करत नाही?

हिंगणघाट परिसरातील काही शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या ई-मेलची व्यवस्था मी पाहतो. संचालकांपैकी कोणीही भेटले की एक प्रश्न हमखास येतो : "भाऊ, हा स्पॅमचा कचरा एकदाचा बंदच करून टाका ना, फिल्टर आणखी कडक का नाही करत?" जिनिंगच्या फाटकापाशी उभ्या उभ्या याचे पुरते उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे लिहितो.

फिल्टर मेलमधल्या खुणा मोजतो. आमच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन हे 2001 पासून चालत आलेले मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक खुणेला काही गुण ठरलेले असतात आणि त्यांची बेरीज 5 झाली की मेल स्पॅम धरला जातो. ग्रेडर जसा आर्द्रता, धाग्याची लांबी, रंग आणि कचरा हे सगळे पाहून कापसाची प्रत ठरवतो, तसेच हे काम चालते. आता फिल्टर कडक करायचा म्हणजे ही 5 ची मर्यादा 3 वर आणायची, आणि अडचण अशी की 3 ते 5 च्या मधल्या पट्ट्यात आपलीच पत्रे सापडतात. कर्ज, व्याजदर, अनुदान, "शेवटची तारीख", "त्वरित कळवावे" हे शब्द फसवणूक करणारा वापरतो आणि बँकेची शाखाही वापरते.

मागच्या हंगामात अडकलेले एक पत्र पाहा. विषय होता "कर्ज मर्यादा नूतनीकरण – तातडीचे", आत एकच ओळ आणि सोबत पीडीएफ. शिवाय ते कंपनीच्या जुन्या पत्त्यावर येऊन तिथून नव्या पत्त्यावर पुढे पाठवले गेले होते. अमुक डोमेनचा (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा) मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो याची यादी त्या डोमेनचा मालक जाहीर करतो. या पद्धतीला एसपीएफ म्हणतात. पुढे पाठवलेला मेल मधल्या सर्व्हरवरून येत असल्यामुळे या तपासणीत तो सहसा नापास होतो, मग मूळ पत्र कितीही खरे असो. डीकेआयएम ही डिजिटल सही मात्र मजकुरात फेरफार झाला नसेल तर वाटेत टिकून राहते. या पत्रावरची सही शाबूत होती, आणि तेवढ्या आधारावर मी ते इनबॉक्समध्ये जाऊ दिले. मर्यादा 3 असती आणि मेल परस्पर पुसण्याची सोय चालू असती, तर ते पत्र आले होते हेच कोणाला कळले नसते. नको असलेला मेल इनबॉक्समध्ये आला तर तो पुसायला क्षणभर लागतो. खरे पत्र अडकून खरेदी केंद्राच्या नोंदणीची तारीख हुकली तर सभासदाला भावात मार बसतो. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, आणि म्हणून मी कोणताही संशयित मेल पुसत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये थांबवून ठेवतो.

उलट बाजूही सांगतो. अध्यक्षांच्या नावाने, पण भलत्याच मोफत ई-मेल खात्यावरून आलेला, "बियाण्याच्या पुरवठादाराचा खाते क्रमांक बदलला आहे, रक्कम इथे भरा" असा मेल एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही तपासण्यांत उत्तीर्ण होऊ शकतो, कारण तो खरोखर त्या मोफत खात्यावरूनच निघालेला असतो. तपासणी पत्त्याची होते, माणसाची होत नाही. असा मेल आला तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करूनच पैसे भरावेत.

फिल्टर सुधारण्याचा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग त्याला शिकवण्याचा आहे. थॉमस बेझ यांच्या 1763 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाव्यतेच्या सिद्धांतावर आधारलेला एक भाग स्पॅमअसॅसिनमध्ये आहे. कोणता शब्द चांगल्या पत्रांत जास्त येतो आणि कोणता वाईट पत्रांत, हे तो आपल्याच मेलवरून शिकतो. किमान 200 स्पॅम आणि 200 चांगली पत्रे दिल्याशिवाय तो मूळ मांडणीत कामालाच लागत नाही. लोक स्पॅम हौसेने दाखवतात, पण चांगली पत्रे दाखवायचे राहून जाते. मग सरकी, गाठी, आर्द्रता, सातबारा हे शब्द आपल्या घरचे आहेत हे त्याला कळणार कुठून? हंगामातली मराठी पत्रे त्याला जरूर द्यावीत.

आपण पाठवतो त्या मेलबद्दल थोडक्यात : फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम असणे आवश्यक झाले आहे. ती मांडणी मी सर्व कंपन्यांसाठी करून दिली आहे.

राहिला थांबवलेला फोल्डर. तो पाहण्याचे काम, माझ्यापेक्षा, कंपनीच्या कार्यालयात बसणाऱ्या आणि व्यापारी, शाखाधिकारी व सभासद यांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसाने करावे. त्यासाठी स्वतंत्र पासवर्ड मी देतो. कापसाची आवक सुरू झाली की सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा तो फोल्डर उघडला जावा, एवढी व्यवस्था संचालकांनी करावी.