ॲम्बेसेडरचे वायरिंग नव्याने करताना

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा दारात उभी असलेली आमची १८०० आयएसझेड ॲम्बेसेडर सीटपर्यंत बुडाली आणि तिच्या एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्टरांनी पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, कायमचा गेला. जुन्या कॉन्टेसा गाडीतले, इसुझूचेच पण कार्ब्युरेटरवर (संगणकाशिवाय पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणारे पेट्रोल इंजिन मिळाले आणि आरटीओच्या परवानगीने ते बसलेही. वायरिंगचे काम मात्र त्यानंतर उरले.

नको त्या वायरी कापून बाकीचे वायरिंग तसेच ठेवावे, असे दांडिया बाजारातल्या आमच्या इलेक्ट्रिशियन काकांचे मत होते. मी त्यांना आदराने नकार दिला. इंजेक्टर आणि सेन्सरांच्या कापून टेप गुंडाळलेल्या वायरींपैकी कोणतीत प्रवाह आहे, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय पुराचे पाणी इन्सुलेशनच्या आतून तांब्यात चढते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी वायर सोलली की हिरवी पूड निघते. म्हणून सगळे काढले आणि कागदावर नवा आराखडा मांडला. रंग ब्रिटिश पद्धतीचेच ठेवले: थेट बॅटरीची तपकिरी, इग्निशनची पांढरी, फ्यूजनंतरची हिरवी, अर्थची काळी.

सर्वांत धोक्याची गोष्ट पेट्रोल पंपाची. एमपीएफआयचा पंप सुमारे ३ बार दाब देतो, तर कार्ब्युरेटरच्या फ्लोटची नीडल (पेट्रोलची पातळी भरली की वाट बंद करणारी सुई) पाव बारच्या आसपासचाच दाब रोखू शकते. तोच पंप चालू ठेवला तर पेट्रोल ओसंडून इंजिनाच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर (धुराच्या नळ्यांवर) पडेल. आम्ही कमी दाबाचा पंप घेतला आणि त्याला तीन टर्मिनलांच्या ऑइल प्रेशर स्विचमधून प्रवाह दिला. सेल्फ फिरत असताना पंपाला सेल्फच्या सर्किटमधून प्रवाह मिळतो, ऑइलचा दाब आल्यावर इग्निशनवरून मिळतो, आणि अपघातात इंजिन बंद पडले तर चावी चालू असली तरी पंप थांबतो.

ठिणगी देणारी इग्निशन कॉइल बॅलास्टवर (प्रवाह कमी ठेवणाऱ्या रोधकावर) चालणारी आहे का, हेही आधी पाहावे. तशा कॉइलला सतत पूर्ण १२ व्होल्ट दिले तर ती तापते आणि तिचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट जळतात. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा साध्या बल्बचाच ठेवावा, कारण त्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) फील्डला, म्हणजे त्यातल्या चुंबकाच्या गुंडाळीला, चेतना मिळते. तिथे एलईडी लावला तर चार्जिंग सुरू होईलच याची खात्री नाही. ६० वॅटचे दोन हेडलाइट मिळून १० अँपिअर ओढतात, त्यामुळे त्यांना रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर दिली.

राहिले अर्थिंग. इंजिन रबरी माउंटवर बसते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विद्युत संबंध जाड पट्टीनेच जोडावा लागतो. ती पट्टी राहून गेली तर सेल्फचा सगळा प्रवाह परतीला दुसरी वाट शोधतो, आणि कार्ब्युरेटरबरोबर नव्याने आलेली चोकची केबल ही नेमकी तशी वाट असते. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली, तर आधी ही पट्टी तपासावी.