कपाटातली जॅकेटं

नऊ वर्षं झाली, मी एका महागड्या रेस्टॉरंटच्या दारावर होस्ट म्हणून उभी असते. आधी आमच्याकडे पुरुषांना जॅकेट कम्पल्सरी होतं. लोकांना वाटतं जॅकेट नसलं की परत पाठवत असतील, तसं नव्हतं, डेस्कमागच्या कपाटात आमचीच चौदा नेव्ही ब्लू जॅकेटं असायची, ३८ ते ४८ साइजची, आणि माणूस दारातून डेस्कपर्यंत येईतो नुसते खांदे बघून साइज काढायची हे माझं काम, क्वचितच चुकायचे. घालून दिलं की विषय संपला. रात्री खिसे तपासायचे, बटणं बघायची, मग ड्रायक्लीनला.

मग नियम सैल झाला. बऱ्याच ठिकाणी झालाय, न्यूयॉर्कच्या '२१ क्लब' या रेस्टॉरंटनेसुद्धा २००९ मध्ये टायची सक्ती काढली. आमच्याकडे आता 'स्मार्ट कॅज्युअल'. म्हणजे नक्की काय हे मॅनेजमेंटने कधी धड लिहून दिलं नाही, तोंडी एवढंच की शॉर्ट्स नको, पुरुषांना उघड्या चपला-सँडल नको, बाकी तू बघ.

त्या शनिवारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली, त्यांचा वाढदिवस, बुकिंग महिन्याआधीचं. काकांचा शर्ट कडक इस्त्रीचा, पण पायात पट्ट्यांचे सँडल, डावा पाय सुजलेला, अंगठ्याला बँडेज, पट्टा पार टोकापर्यंत सैल केलेला. मी ते बँडेज बघितलं आणि तरी बोलले, सर, ओपन फुटवेअर चालत नाही.

"राहू दे गं, दुसरीकडे जाऊ," ते मुलीला म्हणाले. तेवढ्यात आमचा एक रेग्युलर गेस्ट फाटक्या जीन्समध्ये त्यांच्या बाजूने सरळ आत गेला.

मॅनेजरना विचारण्यात सात-आठ मिनिटं गेली, तोवर ते दोघं उभेच, आणि त्या पायावर. बसव म्हणाले, पण किचनच्या दाराजवळ. मला अजिबात पटलं नाही, तरी बसवलं. जेवण होईपर्यंत काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले.

निघताना मला म्हणाले, "पूर्वी इथे कोट द्यायचे ना? मी आलो होतो एकदा, बाह्या लांब होत होत्या, तुम्हीच दुमडून दिल्या होत्या."

मला आठवलंच नाही. तेव्हापासून डोक्यात तेच, की कोट देता यायचा, सुजलेल्या पायाला बूट कुठून देणार.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरना म्हटलं, कन्फर्मेशन मेसेजमध्ये फुटवेअरची ओळ टाका, पायाला काही दुखणं असेल तर आधी कळवा असंही लिहा. बघू म्हणाले. काल तपासलं, अजून 'स्मार्ट कॅज्युअल' एवढंच जातंय.